वास घेतलेली प्लेट

प्लेट उघडली गेली तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. प्रयोगशाळेत तिघंच होतो: माझी बायको, तिचे वडील आणि मी. बाकीचे जेवायला गेले होते.

यवतमाळच्या ज्या कॉलेजात बायको जीवरसायनशास्त्र शिकवते, तिथे त्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण चालू होतं. मातीतल्या जिवाणूंपासून नवी अँटिबायोटिक्स कशी शोधायची, हा विषय. चार देशांतून तरुण संशोधक आले होते. मुख्य प्रशिक्षक थायलंडच्या एक बाई होत्या. वर्तमानपत्राच्या डेस्कवर मी बरीच वर्षं काढलेली, त्यामुळे रोजचा अहवाल लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. संध्याकाळी एक पान लिहायचं, सकाळी ते सगळ्यांच्या हातात पडायचं.

प्रत्येकाने आपापली माती आणायची होती. बायकोने झरी जामणी तालुक्यातल्या वडिलांच्या वावरातून आणली, पाणी साचून राहतं त्या कोपऱ्यातली. ती पाण्यात कालवून, पातळ करून प्लेटवर, म्हणजे जिवाणूंच्या खाद्याचा थर असलेल्या झाकणाच्या चपट्या बशीत, पसरतात. दोन-तीन दिवसांत जिवाणूंचे ठिपके उगवतात. एखाद्या ठिपक्याभोवती दुसऱ्यांची वाढ थांबून स्वच्छ कडं दिसलं, की तो कामाचा. बायकोच्या प्लेटवर असा एक ठिपका होता. पांढरट, कोरडा, सुरकुतलेला. तो वेगळा काढून तिने एका नव्या प्लेटवर दाट वाढवला. हे टिकलं तर पुढच्या परदेशातल्या परिषदेत तिने बोलावं, असं बाईंनी आदल्या दिवशी सुचवलं होतं.

सासरे शुगर तपासायला एसटीने यवतमाळला आले होते. बाहेरच्या माणसांना प्रवेश नाही, अशी पाटी दारावर होती. बायको त्यांना आत घेऊन आली.

"बाबा, तुमच्या वावरात काय निघालं ते पाहा."

"सोनं निघालं का वं?"

"सोन्याहून भारी."

त्यांनी प्लेट हातात घेतली, झाकण काढलं आणि नाकाशी नेली. कोणतीही माती ते आधी नाकाशी नेतात. पेरणीआधी ढेकूळ फोडून वास घ्यायचा आणि ओल किती, शेणखत किती जिरलं ते सांगायचं, ही त्यांच्या गावातली रीत. बायको त्याच घरात वाढलेली. तिने त्यांना अडवलं नाही. त्यांनी प्लेट पुढे केली तेव्हा तिनेही वास घेतला.

"आपलंच वावर हाय," सासरे म्हणाले. "त्या कोपऱ्यातलं. कुबट वास येऊन राह्यला."

अडीचच्या गाडीने ते परत गेले.

तीन वाजता बाई टेबलांवरून प्लेटा पाहत आल्या. या प्लेटजवळ थांबल्या. हात लावला नाही.

"ही कुणी उघडली?"

"मी," बायको म्हणाली.

"वास घेतला?"

"हो."

"आणखी कुणी?"

बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी वहीत लिहीत होतो. "नाही," ती म्हणाली.

बाईंनी खोली रिकामी करायला लावली. प्लेट दोन पिशव्यांत बंद झाली. बाहेर व्हरांड्यात त्यांनी सांगितलं की त्यांच्या देशात भाताच्या ओल्या मातीत एक जिवाणू असतो, तो दिसतो असाच. श्वासातून आत गेला तर मेलिओइडोसिस नावाचा आजार होऊ शकतो. फुप्फुसं भरतात, रक्तात विष पसरतं, नेहमीची अँटिबायोटिक्स लागू पडत नाहीत. हा कदाचित त्याचा निरुपद्रवी भाऊबंदही असेल. मोठ्या प्रयोगशाळेतून खात्री होईपर्यंत मात्र तोच आहे असं धरायचं. वास घेणाऱ्याने एकवीस दिवस सल्फाच्या गोळ्या घ्यायच्या, दिवसातून दोनदा ताप मोजायचा.

"मधुमेह असलेल्यांना धोका सगळ्यात जास्त," त्या म्हणाल्या. हे त्यांनी सगळ्यांना उद्देशून सांगितलं. बायकोने घड्याळात पाहिलं. अडीचची गाडी केव्हाच गेली होती.

त्या दिवशीच्या अहवालात मी लिहिलं: प्लेट एकाच व्यक्तीने हाताळली. वाक्य खोटं होतं आणि ते मी जाणूनबुजून लिहिलं होतं.

घरी आल्यावर बायकोने वडिलांना फोन लावला.

"बाबा, ताप-गिप नाही ना?"

"कायले येईन ताप? आताच तं पोचलो." मग ते खोकले. एकदाच.

फोन ठेवून ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. "सांगितलं तर परिषद गेली. बाहेरचा माणूस आत नेला म्हणून प्रशिक्षणही बंद होईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"माझ्या गोळ्यांतल्या अर्ध्या त्यांना देते."

"अर्ध्या गोळ्यांनी काय होतं, हे तू वर्गात शिकवतेस."

गॅसवर ठेवलेलं दूध उतू गेलं ते दोघांनीही पाहिलं.

सकाळी साडेआठला तिने बाईंना सांगितलं. मी अहवालाच्या छापलेल्या प्रती परत घेतल्या. बाई रागावल्या नाहीत. वडिलांचं वय विचारलं, शुगर किती ते विचारलं, प्लेट नाकापासून किती अंतरावर होती ते विचारलं. मग म्हणाल्या, "तुम्ही एकोणीस तास घालवलेत." प्रशिक्षण त्याच दिवशी थांबलं. परिषदेच्या यादीतून तिचं नाव काढल्याचं पत्र नंतर आलं. तोवर आमच्या घरात परिषदेचा विषयही निघत नव्हता.

आम्ही पांढरकवड्यावरून गाडीने गावी गेलो. सासरे वावरात कापूस वेचणाऱ्या बायांजवळ उभे होते.

"जवाईबापू, तुमी दोघंबी? कोण गेलं?"

बायकोने सगळं सांगितलं. ते हसले. "मातीनं कोणी मरते का वं? सारी जिंदगी हुंगून राह्यलो."

"वावरात ते चिमूटभर असते, बाबा. मी ते निवडून, दाट वाढवून ठेवलं होतं. अन् मीच तुमच्या हाती देलं."

त्यांनी विचारलं, "तू बी तं घेतला वास. तुले काही होऊन नाही ना राह्यलं?"

एकवीस दिवस गोळ्या घेत ते यवतमाळला आमच्याकडे राहिले. सकाळ-संध्याकाळ दोघांचा ताप मोजून मी वहीत लिहायचो. "आज पास का नापास?" ते रोज विचारायचे. नवव्या दिवशी सकाळी त्यांचा ताप शंभरच्या वर गेला. बायकोने थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. तेवढाच. दवाखान्यात रक्त घेतलं, छातीचा फोटो काढला. रक्तात जिवाणू वाढतो का ते कळायला काही दिवस लागतात. त्या दिवसांत ती दर तासाला त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन श्वास मोजून यायची. रक्तात काही निघालं नाही. सर्दीचा ताप होता.

तेराव्या दिवशी मोठ्या प्रयोगशाळेचा अहवाल आला. जिवाणू तोच होता. त्यानंतर सासऱ्यांनी पास-नापास विचारणं बंद केलं.

गोळ्या संपल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले की हा जिवाणू अंगात गप्प पडून राहू शकतो. महिने, क्वचित वर्षं. यापुढे कधीही ताप आला तर आधी या आजाराचं नाव सांगायचं, कारण आपल्याकडे आधी मलेरिया, डेंग्यूच पाहतात आणि यात वेळ गेला की माणूस जातो.

"लिहून दे, पोरी," सासरे म्हणाले. "माह्या जिभेवर नाही बसत ते."

तिने दोन चिठ्ठ्या लिहिल्या. एक स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. दुसरी त्यांनी आधार कार्डाच्या प्लास्टिकमध्ये घालून खिशात टाकली आणि गावी गेले. तेव्हापासून त्यांचा फोन वाजला की तिचा पहिला प्रश्न तापाचा असतो.

परवा सकाळी त्यांचा फोन आला.

"काल सांजेपासून ताप हाय. एकशे दोन. इथल्या डॉक्टरले चिठ्ठी दाखवली. तो म्हणते, हे काय असते?"

"बाबा, त्याची एकही गोळी घेऊ नका. आम्ही निघालो," ती म्हणाली.

सध्या ते यवतमाळच्या दवाखान्यात भरती आहेत. शिरेतून याच आजारावरचं औषध चालू आहे. रक्ताचा अहवाल अजून यायचा आहे.