युसूफला गावी आणलं तेव्हा

आमची कंपनी त्या हिवाळ्यात पूंछ भागात, नियंत्रण रेषेजवळच्या पोस्टवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. नाईक शेख युसूफ माझ्या हाताखाली होता. आम्ही दोघं आदिलाबादजवळच्या तामसीकडच्या एकाच गावचे. त्याचे वडील रहीमचाचा पिंजारी. गावात कोणाचीही गादी त्यांच्याशिवाय भरली जात नसे. मुसलमानांची घरं चार.

कंपनीत तर युसूफ एकटाच मुसलमान. आमचा जयघोष देवाच्या नावाचा. तो देताना युसूफचा आवाज सगळ्यांच्या वर असे. एका नव्या जवानानं त्याला एकदा कारण विचारलं. "घोषणा पलटन की है," एवढंच तो म्हणाला.

रमजान सुरू होता. पहाटे हत्यार घेऊन मोर्च्यात स्टँड-टू, मग बर्फ उपसणं, शस्त्रसफाई, गस्त. युसूफची ड्यूटी कमी नव्हती आणि त्यानं ती कमी मागितलीही नाही.

"एवढ्या थंडीत उपाशी काऊन राह्यतं बे?" मी विचारलं.

"सवय हाय, दादा. घरी माय बी रोजे ठेवून राह्यली असन."

त्या दिवशी गस्तीवरून परतत असताना समोरच्या डोंगरधारेवरून फायर आला. आमचा रेडिओ ऑपरेटर उघड्या बर्फात अडकला. मी काही बोलायच्या आत युसूफ सरपटत गेला आणि त्याला ओढत खडकाआड घेऊन आला. ऑपरेटरला ओरखडाही नव्हता. युसूफच्या मांडीत गोळी होती.

मी सेट घेतला. "टायगर, चार्ली टू. एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"चार्ली टू, आड में रहो. स्ट्रेचर चल पडा. ओव्हर."

पट्टी घट्ट बांधली तरी रक्त थांबेना. मी पाण्याची बाटली त्याच्या तोंडाजवळ नेली.

"रोजा हाय," तो म्हणाला. "दिवस बुडाला का?"

समोरच्या शिखरावर अजून ऊन होतं. त्याची पाठ तिकडे होती.

"बुडाला," मी म्हणालो.

त्यानं ओठातल्या ओठात काही म्हटलं आणि दोन घोट घेतले. स्ट्रेचर पोचायच्या आत तो गेला.

शव घेऊन जायला मला पाठवलं, सोबत चार जवान. नागपूरपर्यंत विमान, पुढे फौजेची गाडी. त्या हिवाळ्यात देशात हिंदू-मुसलमान दंगली होऊन गेल्या होत्या. आदिलाबादेत पोचलो तर कर्फ्यू. कापूस बाजार बंद, रस्त्यावर फक्त पोलीस.

त्यांचा अधिकारी गाडीजवळ आला. "माहौल ठीक नहीं है. यहीं शहर में दफन कर दो."

"बाप गाँव में बैठा है, साहब. गाँव ले जाऊँगा."

"रास्ते में कुछ हुआ तो?"

"मैं साथ हूँ."

त्यानं तिरंग्यात गुंडाळलेल्या पेटीकडे पाहिलं आणि बॅरिकेड उघडायला सांगितलं.

कर्फ्यूमुळे युसूफचे शहरातले नातेवाईक येऊ शकले नाहीत. घरासमोर गावातले सहा-सात मुसलमान पुरुष होते, त्यांतले दोघे म्हातारे. गावातली बरीच दारं लावलेली होती. कब्रस्तानचा रस्ता मारुतीच्या देवळावरून जातो. रहीमचाचांनी मला बाजूला घेतलं.

"बाबू, मागून शेतातून नेऊ. तिथं पोरं जमून राह्यली. भांडण नको."

"चाचा, तो चोर नव्हता. रस्त्यानं जाईन."

आम्ही जवानांनी पेटी खांद्यावर घेतली. देवळापाशी पंधरा-वीस जण रस्त्यात उभे होते. सगळे ओळखीचे. मी थांबलो. मग देवळातला गुरव महादू बाहेर आला.

"कोन हाय?" त्यानं विचारलं.

"युसूफ."

"रहीमचा?"

"हो."

महादूनं पायातली चप्पल काढली आणि येऊन माझ्यामागे खांदा दिला. रस्त्यातली माणसं बाजूला झाली. दोघे-तिघे आमच्यामागे आले. बाकीचे घरी गेले. तेवढंच झालं. जनाज्याची नमाज त्या सहा-सात माणसांनीच पढली. आम्ही रांगेमागे सावधान उभे होतो. मग सलामी दिली.

संध्याकाळी रहीमचाचांनी विचारलं, "भेला होता का रे तो?"

"नाही, चाचा."

"खरं सांग."

"भेला होता. आमी सगळेच भेतो."

"मंग गेला काऊन?"

"माणूस उघड्यावर पडला होता."

त्यांनी मान हलवली आणि आत जाऊन युसूफच्या मायला ते सांगितलं. मी ओट्यावर बसून ऐकत होतो.

पुढे मी पेन्शनवर आलो. तामसीच्या बस स्टँडवर, हॉटेलात कोणी ना कोणी म्हणतं, या लोकांचं मन इकडं नसतं. आधी मी भांडायचो. आता तेवढा जीव राहिला नाही. चहा संपवतो आणि सांगतो, आमच्या गावचा नाईक शेख युसूफ होता, तो असा गेला. कोणी उठून जातं, कोणी विषय बदलतं. पुढच्या वेळी पुन्हा कोणीतरी तेच म्हणतं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगतो.