मामाजीनं लावलेली गरम सीट

मामाजी गेले त्या दिवशी आमच्या आरूची दवाखान्याची तारीख होती. तिले दोन स्वेटर घालून, कानटोपी बांधून मी ओसरीवर बसली होती. माझे सासरे, आम्ही त्यायले मामाजी म्हणतो, जवाहरनगरच्या शाळेत गावातले पोट्टे सोडून वापस येतीन अन् मंग आम्ही भंडाऱ्याले जाऊ, असं नेहमीचंच होतं. गाडी आली नाही, फोन आला. हायवेवर गाड्यायच्या बॅटरीचं अन् वायरिंगचं दुकान हाये ना, ते गफ्फारभाऊ. म्हणे, "वहिनी, घरी आणखी कोण हाये?" बस, एवढंच. मले तिथंच समजलं... माणूस बरा असला तं घरी कोण हाये असं कोणी इचारत नाही.

पोट्टे शाळेत उतरून गेले होते. वापस येतानी मामाजीनं गाडी बरोबर रस्त्याच्या कडेले घेतली, ब्रेक ओढला अन् स्टेरिंगवर डोकं ठेवलं. लोकाईले वाटलं थकले असतीन. दवाखान्यात नेलं तं डॉक्टर म्हणे, हार्ट. गफ्फारभाऊनं मागून आमची व्हॅन चालवत घरी आणली. आंगणात रडारड चालू, आत्याबाई म्हणजे माझी सासू जमिनीवर पडलेली, अन् आरू, तिले काय समजते, तीन वर्षाची पोट्टी, तिची तं रोजची सवय, दरवाजा सरकवला अन् मागच्या सीटवर चढून बसली. म्हणे, "आई, गरम हाये." मी हात लावला. खरंच गरम होती. पोरगी बसन तोपर्यंत सीट तापून राहावी म्हणून मामाजी शाळेतून निघतानीच बटन दाबत, अन् ते बटन कोणी बंद केलंच नव्हतं... मले तेव्हा रडू आलं, त्याच्या आधी आलंच नव्हतं.

आता तुम्ही म्हणान, आमच्या भंडाऱ्यात गाडीची सीट गरम कायले पायजे? इथं तं उन्हाळ्यात सीटवर बसलं का माणूस बोंबलत उठते. मलेही कोणी सांगितलं असतं तं मी हसली असती. पण आरूले सिकलसेल हाये. वर्षाची व्हायच्या आधीच तिच्या हातापायाची बोटं फुगली, मले वाटलं किडा चावला असन, हळद लावली. मंग रक्त तपासलं अन् डॉक्टर मॅडमनं समजावून सांगितलं, का रक्ताचे दाणे वाकडे होते, कुठंबी अटकते अन् मंग दुखते. थंडी लागू द्यायची नाही, पाणी पाजत राहायचं, ताप आला का घरी थांबायचं नाही. तिचे पप्पा पुण्याच्या कंपनीत, दिवाळीले येते अन् पोळ्याले येते. मी आठवी शिकलेली कोंढ्याची पोरगी, लग्न करून शहापूरले आली तं मले भाजी आणाले एकटं जाची सवय नव्हती, अन् एकदम हे. दुखलं का आरू मोठ्यानं रडत नाही. चूप होते. माझा दुपट्टा दातात धरते. म्हणून मी सकाळी उठली का पह्यले तिची बोटं चाचपते, मंग देवाचं नाव घेते. मले भेव वाटते, आजही वाटते, लिहितानीही वाटून राहिला.

अन् हिवाळ्यात दवाखान्याची तारीख म्हणजे सकाळचंच जा लागते, नाही तं लाईन संपत नाही. मामाजीची व्हॅन माझ्या लग्नाच्याही आधीची, डब्ब्यासारखी. इंजन समोरच्या सीटखाली, म्हणून चालवणारा शेकून निघते अन् मागं बसणारा गारठते. सरकता दरवाजा कधी पुरा लागलाच नाही, फटीतून असा वारा ये का कान सुन्न होत. आरूले समोर घेऊन बसून पाह्यलं, तं पेट्रोलच्या वासानं ओकारी. अन् दुखत असलं का तिले आडवंच राहावं लागते. दोन गोधड्या, तीन गोधड्या, काही केल्या खालून थंडी चढेच. घरून हसत निघालेली पोट्टी भंडाऱ्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत चूप होऊन जाय. मामाजी आरशातून पाहत. 

एक दिवस त्यायनं आत्याबाईले इचारलं, "बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवता ना तुम्ही?"

"ठेवतो. मंग?"

"मंग गाडीची सीट काय बाजेपेक्षा वेगळी हाये?"

आत्याबाई म्हणे, "बाज नारळाच्या दोरीची असते जी, तुमची सीट कायची हाये ते पाहा पह्यले." पण मामाजी ऐकते काय! चुलीत विटा तापवल्या, बारदान्यात गुंडाळल्या अन् मागच्या सीटखाली सरकवल्या. शेगडी नाही ठेवली हेच नशीब. आमच्याकडं बाळंतिणीले महिना महिना शेक देते, त्यानं कधी कोणाचं वाईट झालं नाही, तं त्यायले वाटलं हेही तसंच. आरूले त्या दिवशी शेजारणीपाशी ठेवली होती, पह्यले आपण पाहून घेऊ म्हणून आम्ही तिघंच निघालो. नाक्यापर्यंत गेलो असन का आत्याबाई म्हणे, "सत्यानाश, माझं लुगडं!" खालचा फोम वितळून धूर निघून राहिला होता. मामाजीनं गाडी थांबवली, आम्ही दोघी उड्या मारून बाहेर, अन् हायवेवरचे ट्रकवाले थांबून पाहून राहिले. समोरच गफ्फारभाऊचं दुकान. ते बादली घेऊन धावत आले, इझवलं, मंग कंबरेवर हात ठेवून म्हणे, "काका, कोंबडी भाजून राहिले होते काय?"

मामाजीनं सगळं सांगितलं. आरूचंही सांगितलं. गफ्फारभाऊ पह्यले हसले, म्हणे, "भंडाऱ्यात सीट गरम? मे महिन्यात येजा काका, फुकटात करून देईन." मंग त्यायनंच सांगितलं का थंड्या मुलखातल्या मोठ्या गाड्यायले अशी सीट कंपनीतूनच येते, अन् आता सुटी चटईबी भेटते, बारीक वायरची, सीटच्या कव्हरखाली टाकाची, बॅटरीवर चालणारी. नागपूरहून मागवतो म्हणे. आत्याबाई म्हणे, एवढ्या जुन्या डब्ब्याले हे नखरे? मामाजी म्हणे, "डब्बा जुना हाये, पोरगी तं नवी हाये ना."

चटई आली तं मामाजी दुकानातच ठाण मांडून बसले. जळलेला फोम काढला, नवा टाकला, वर ती चटई, वर कव्हर. वायर पायाखालच्या मॅटखालून समोर घेतली, मध्ये फ्यूज टाकला अन् समोर एक बटन, त्याले लाल लाईट. मामाजीले पुरी सीट गरम पायजे होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गफ्फारभाऊ म्हणे, "म्हातारी गाडी हाये काका, तिले एवढं झेपणार नाही." मामाजीनं ऐकलं नाही. दोन चटया लावल्या, अन् दुसऱ्याच सकाळी धुक्यात हेडलाईट चालू, वायपर चालू, सीट चालू, अन् गाडी मेली. शाळेच्या पोट्ट्यायनं उतरून धक्का मारला, पह्यल्या तासाले सगळे उशिरा पोचले अन् खुश. मंग एक चटई काढली. दरवाज्यापासून लांबची, खिडकीकडची अर्धी सीट तेवढी गरम ठेवली. अन् गफ्फारभाऊनं दम देल्ला, इंजन चालू असन तरच बटन, नाही तं माझ्याकडं यायचं नाही.

तरी आरूले लगेच बसू देल्लं नाही मामाजीनं. म्हणे, पोरीची कातडी नाजूक हाये, पह्यले माझी भाजू द्या. गफ्फारभाऊले चालवाले लावलं अन् स्वतः मागं बसून भंडाऱ्याले गेले अन् आले, पाव्हण्यासारखे गोधडी पांघरून. घरी येऊन सांगते काय, "ऊब हाये, चटका नाही. मले झोप लागली."

त्या हिवाळ्यात आरू पह्यल्यांदा दवाखान्यात हसत पोचली. नर्सबाईले सांगे, "आबाची सीट गरम हाये, तुमची हाये काय?" शाळेचे पोट्टे त्या जागेसाठी भांडत, तं मामाजीनं पाळी लावून देल्ली, ज्याची पाळी तो राजा. अन् आत्याबाई, ज्यायले नखरे वाटत होते, त्यायचे गुडघे थंडीत दुखत, तं रोज सकाळी काही ना काही आणाले भंडाऱ्याले जायचं निघे. एक दिवस मामाजी म्हणे, "आज काय आणाचं हाये?" आत्याबाई म्हणे, "सुई." मामाजीनं गाडी काढली.

पण सगळंच काही बरं झालं असं नाही. सीटनं आजार जात नाही, एवढं मलेही समजते. मागच्या थंडीत मी माहेरी कोंढ्याले गेली होती, तिथं आरूचं दुखणं उठलं. सकाळी पाहतो तं पोरगी लाकडासारखी कडक, डोळे वर. माझा भाऊ मोटरसायकल काढतो म्हणे, त्या थंडीत मोटरसायकल! मी मामाजीले फोन केला, नुसती हुंदके देत होती. ते म्हणे, "ठेव फोन, पाणी पाज, मी निघालो." आले तं सीट तापलेली. आरूले आडवी टाकली, डोकं माझ्या मांडीवर. रस्ता खराब, प्रत्येक खड्ड्याले ती दात दाबे. मले राहावलं नाही. मी म्हटलं, "मामाजी, हे असं किती दिवस चालन?" त्यायनं आरशातून पाह्यलं. म्हणे, "पोरी, मले पुढचा खड्डा पाहू दे." खड्डा मागं टाकून म्हणे, "आज भंडाऱ्याले पोचू. एवढं मले माहीत हाये." अन् पोचलो. पोरगी मधातच झोपली होती.

आता ते नाही. तेरवी झाली, तिचे पप्पा पुण्याले वापस गेले. जातानी म्हणे, गाडी इकून टाकू, चालवन कोण, उभी राहून सडन. ते चूक नाही म्हणत, त्यायलेही दुःख हायेच ना. शाळेचे पोट्टे दुसऱ्या गाडीत गेले. गाडी पाहाले एक माणूस रविवारी येतो, असं त्यायनं फोनवर सांगितलं. मी हो म्हटलं. मी तं सगळ्यालेच हो म्हणते.

मंग चुकलेल्या तारखेच्या बदल्यात आरूले नवी तारीख भेटली, अन् आम्ही ऑटोनं गेलो. दोन्हीकडून मोकळा ऑटो. मी तिले पोटाशी धरलं, वरून शाल, वरून माझी पाठ, तरी भंडारा यायच्या आधी तिनं दुपट्टा दातात धरला. भरती करा लागली. सलाईन लावतानी नस सापडेना, मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली अन् मनात मामाजीवर चिडली... असं कोणी जाते काय, पोरीले सवय लावून.

सुटी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं, आरूचे पाय थंड पडून राहिले होते. ती म्हणे, "गरम सीट." मी म्हटलं, आबा नाही. ती म्हणे, "आबा नाही, सीट हाये ना." मी चावी घेतली, तिले मागं निजवली, धूर कोंडू नये म्हणून खिडकी थोडी उघडी ठेवली अन् समोर मामाजीच्या जागेवर बसली. जन्मात पह्यल्यांदा. पह्यले चावी उलटीच घातली. चोक ओढतानी त्यायले पाह्यलं होतं, तसा ओढला. गाडी खोकलली, बंद पडली. पुन्हा. खोकलली अन् लागली. मी बटन दाबलं, लाल लाईट लागला.

आवाज ऐकून आत्याबाई बाहेर आल्या. मामाजी गेल्यापासून त्या खाटेवरून उठल्याच नव्हत्या, जेवण बी तिथंच. दरवाजा सरकवला अन् आरूचे पाय मांडीवर घेऊन बसल्या.

"कुठं चालली वं?"

"कुठंच नाही, आत्याबाई."

"मंग पेट्रोल कायले जाळून राहिली?"

मी बंद कराले हात नेला तं म्हणे, "राहू दे... राहू दे चालू."  आंगणात धुकं, इंजनचा आवाज, आरूचे पाय हळूहळू गरम होऊन राहिले. मंग आत्याबाई म्हणे, "तुले हे पुढं न्याले येते काय?"

"नाही येत. भेव वाटते मले."

"त्यायले तरी कुठं येत होती. पह्यल्या दिवशी तुळशीच्या वट्ट्यावर घातली होती. हे गाडी आली अन् वट्टा गेला. गावाले सांगे, बैल शिरला म्हणून." अन् त्या हसल्या. हसता हसता पदर तोंडाले लावला. मंग पदर काढून म्हणे, "पोराले मी सांगतो, रविवारी कोणाले पाठवू नको म्हणा. गफ्फारले सांग तुले शिकवाले. तोपर्यंत फाटकापर्यंत तं ने."

मी क्लच दाबला, गिअर टाकला, अंदाजानंच. गाडीनं अशी उडी मारली का आत्याबाई समोरच्या सीटवर आदळल्या, अन् फाटकाच्या अलीकडं इंजन बंद.

मागून आरू म्हणे, "आबा असं नाही करत."

"करत होते," आत्याबाई म्हणे. "तू नव्हती तवा."

मी चोक ओढला अन् पुन्हा चावी फिरवली.