इंदूची फुलं

दुपारची जेवणं उरकून मी व्हरांड्यातल्या खाटेवर पडते. डोळे मिटलेत, कान अजून जागे आहेत. हे पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलेत आणि पुन्हा तेच सांगतायत. "ही टॉर्च लिली आमच्या इंदूची बरं का. तिचा हातच तसा होता."

इंदू म्हणजे यांची पहिली बायको. लग्नाच्या दिवशी तिचा चांदीचा टाक माझ्या गळ्यात बांधला, गेलेल्या सवतीनं त्रास देऊ नये म्हणून. तिनं त्रास कधीच दिला नाही. दिला तो तिच्या फुलांनी.

कुंपणालगतचा तो वाफा मी लग्न झाल्यापासून सांभाळतेय. पाचगणीचा पाऊस गड्ड्यात शिरला की गड्डा कुजतो, म्हणून मृग लागण्याआधी एकेका झुडपाची पानं वर गोळा करून अंबाड्यासारखी बांधते. वाळलेले दांडे बुडातून कापते. पानांच्या कडांनी बोटं चिरतात. चिरतात ती माझी बोटं आणि हात मात्र इंदूचा. उद्या सकाळी सगळा वाफा खणून फेकायचा, हे मी आज पक्कं केलंय. कुदळ खाटेखाली आणून ठेवली आहे.

यांचा आवाज हळूहळू लांब जातो.

वाफ्यात कुणीतरी बसलंय. दिवाणखान्यातल्या फोटोतली साडी, फोटोतलंच वय. आता ती मला लेकीसारखी दिसते, पण मानानं थोरली. मी अहो-जाहोच करते.

"इंदूताई, उठा तिथून. उद्या मी हे खणणार आहे."

"उद्या कशाला? आत्ताच घे की," ती म्हणते. "मला नाही कधी आवडली ही फुलं."

मी कुदळ उचलते, तर हातात झारा येतो. आम्ही स्वयंपाकघरात आहोत. ओट्यातूनच टॉर्च लिलीचे तुरे उगवलेत, वर लालभडक, खाली पिवळे. इंदू त्यांच्यामधून वाट काढत पोळ्या लाटतेय. बाहेर हे कुणाला तरी सांगतायत, आवाज विशी-पंचविशीतला. "ही आमच्या आईची फुलं. तिचा हातच तसा होता."

"ऐकलंस?" इंदू लाटणं थांबवत नाही. "मला तिथं मोगरा लावायचा होता. जन्मभर सासूबाईंचा वाफा राखत बसले."

"आणि सासूबाईंच्या वेळी?"

"तेव्हा ती आजेसासूबाईंची. या घरात बाई मेली की मगच फुलं तिची होतात. तूही मर, मग बघ तुझं कसं कौतुक होतं ते."

मला हसू येतं आणि त्याच दमात संताप येतो. एवढी वर्षं मी हिच्या नावानं जळले, आणि हिच्याही वाट्याला काही आलेलं नव्हतं.

"मग सांगायचं नाही का आधी?"

"तू कधी विचारलंस? सणाला टाकाला कुंकू लावायचीस, तेही दातओठ खात." ती पिठाचे हात पुढं करते. बोटांवर माझ्यासारख्याच चिरा आहेत. "मला काढ आता गळ्यातून, शालन. मीही कंटाळले."

मी गळ्याशी हात नेते आणि ओढते.

उन्हं उतरलीत. हे पायरीवर चहाची वाट बघत बसलेत.

"शालन, इंदूच्या फुलांना पाणी घातलंस का गं?"

मी मूठ उघडते. तुटलेला दोरा, टाक, आणि तळहातात खोल रुतलेला त्याचा ठसा. टाकावरची एवढीशी बाई, हात जोडून उभी.

मी टाक यांच्या हातावर ठेवते.

"तिची आहेत ना? मग तिलाच सांगा."

खाटेखालची कुदळ घेऊन मी वाफ्याकडे जाते. पहिल्याच घावाला दांडा त्या ठशावर घासतो आणि हात चांगलाच दुखतो.