चाळीस मिलिमीटर

आधीच सांगून ठेवतो – चिखलीत आमच्या ओळीत अकरा दुकानं आहेत आणि शटरला लिंबू-मिरची नसलेलं एकच, ते माझं. बावीस वर्षं झाली मोटारसायकली दुरुस्त करतोय. अपघाताच्या गाड्या आल्या, माणूस गेलेल्या गाड्याही आल्या... धुतल्या, सरळ केल्या, चालवून पाहिल्या. कधी काही वाटलं नाही. गाडी वाजते म्हणजे कुठेतरी काहीतरी सैल आहे, एवढंच माझं तत्त्वज्ञान. ग्रुपवरचे तुमचे भुताखेतांचे अनुभव मी जेवताना बायकोला वाचून दाखवतो आणि आम्ही हसतो. राग मानू नका. आता तुम्ही माझ्यावर हसा.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. गुरुवारी दुपारी वैशालीताई एक क्रूझर मोटारसायकल ढकलत दुकानापुढे आल्या, सोबत त्यांचे काका. ताई साखरखेर्ड्याकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहेत. उंची जेमतेम चार फूट दहा इंच. गाडी वडिलांची. वडील सहा फुटी गडी, जन्मभर दुसऱ्यांचे ट्रक चालवले आणि म्हातारपणी हौसेनं ही गाडी घेतली. दिवाळीनंतर ते गेले.

"तुम्हाले येते का चालवता?" मी विचारलं.

"हाव, येते. बाबानंच शिकवली."

"अन् पाय कसे पुरत होते?"

"पाय बाबाचे होते," ताई म्हणाल्या. "मी चालवायची, ते मांगं बसत. थांबायचं झालं का ते दोन्ही पाय टेकवत. मले कधी टेकवाच लागले नाही."

काका माणूस वाईट नाही, पण घाईचा. म्हणाले, "पाय पुरत नाही तं जीवाले घोर कायले? रविवारी दुसरबीडचा गिऱ्हाईक येऊन राह्यला. त्याच्या आंधी हिनं दोन्ही पाय टेकवून दाखवावे, मंग मी चूप. नाही तं गाडी देऊन टाकू."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मला दोन मुली आहेत. मी म्हटलं, "शनिवारी या."

गाडी खाली उतरवणं म्हणजे नुसते मागचे शॉकअप बदलणं नव्हे. मागं आखूड शॉकअप टाकले, पुढचे पाइप क्लॅम्पमधून थोडे वर सरकवले, म्हणजे गाडी दोन्हीकडून सारखी बसते. शेजारच्या रहेमानचाचांनी सीटचा फोम कापून कडेनं उतरता केला. आणि साइड स्टँड कापून आखूड केला. एकदा मी हे विसरलो होतो – खाली आलेली गाडी लांब स्टँडवर फार उभी राहते – आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ती उजवीकडे आडवी झाली होती. तेव्हापासून मी आधी स्टँड कापतो.

शेवटचं काम मोजणीचं. शॉकअपच्या खाली खाचांची चकती असते, पाच खाचा; खाच वाढवली की स्प्रिंग आवळते आणि गाडी वर उचलली जाते. हलक्या माणसाला पहिली-दुसरी, दोन माणसांना पाचवी. कुठली लावायची ते मी अंदाजानं ठरवत नाही. मागच्या चाकाच्या नटापासून मडगार्डवरच्या खुणेपर्यंत टेप लावतो. आधी रिकामी गाडी, मग माणूस बसवून. एकदा दाबून सोडतो, एकदा उचलून सोडतो, दोन्हींचा मध्य काढतो. चाचा पुढून हँडल धरतात.

शनिवारी सकाळी आधी मी बसलो. माझं वजन सत्तर, गाडी वीस मिलिमीटर दबली. बरोबर. मग ताई बसल्या. त्या सेहेचाळीस किलोच्या. तेरा यायला पाहिजे.

चाळीस आले.

मला वाटलं टेप घसरली. परत मोजलं, चाळीस. ताईंना उतरवलं, मी बसलो, वीस. ताई, चाळीस. शॉकअप डावा-उजवा केला, दुसरी टेप आणली, चाचांनी स्वतः मोजलं. चाचा टेपकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "अरे भाई, ये तो डबल सवारी का नाप है।"

ऊन पडलेलं होतं, समोरून कापसाच्या गाड्या जात होत्या. भीती वगैरे काही वाटली नाही, उलट चीड आली. बावीस वर्षांत टेप माझ्याशी अशी वागली नव्हती. मी ताईंना अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "बाबांचं वजन किती होतं हो?"

"आजारी पडायच्या आंधी चौऱ्याण्णव. मीच करत होती ना वजन. काऊन?"

"काही नाही, असंच."

सेहेचाळीस आणि चौऱ्याण्णव, एकशे चाळीस. साडेतीन किलोला एक मिलिमीटर. हिशेब तुम्हीच करून पाहा.

आता माझी पंचाईत लक्षात घ्या. ताईंच्या वजनाप्रमाणे दुसरी खाच लावली आणि गाडी खरंच एवढी दबली, तर आखूड शॉकअपमुळे पहिल्याच गतिरोधकावर टायर मडगार्डला घासणार, ताई पडणार. पाचवी लावली तर टायर घासणार नाही, पण सीट पाऊण इंच वर येणार. मग टेपचा आकडा खोटा निघाला तर रविवारी काकांसमोर नुसते चवडे टेकणार आणि गाडी दुसरबीडला जाणार. डोकं म्हणत होतं दुसरी. टेप म्हणत होती पाचवी. मी जन्मभर टेपचं ऐकत आलोय... पाचवी लावली.

"बसा," मी म्हटलं. ताई बसल्या, गाडी संथपणे खाली गेली आणि दोन्ही टाचा फरशीवर आल्या. ताईंनी खाली वाकून स्वतःच्या चपला पाहिल्या आणि लहान पोरीसारख्या हसल्या.

रविवारी मी मुद्दाम त्यांच्या घरी गेलो. जीव थाऱ्यावर नव्हता. दुसरबीडचा माणूस आला होता, चहा झाला, आणि सगळ्यांसमोर ताई बसल्या. दोन्ही पाय सपाट. लव्हाळा फाट्यापर्यंत जाऊन आल्या. परत आल्यावर काकांनी वाकून टायर आणि मडगार्डमध्ये बोट घालून पाहिलं, कुठे घासल्याची खूण नव्हती. "ठेव मंग," एवढंच म्हणाले आणि त्या माणसाला फाट्यापर्यंत सोडायला गेले.

मी चाचांना म्हटलं, कोणाला बोलायचं नाही. ते म्हणाले, बोलून कोण ऐकणार?

सव्वा महिन्यानं ताई परत आल्या. हेल्मेट काढतानाच तक्रार. "दादा, गाडी लय कडक झाली. खड्ड्यात पाठीले हादरे बसून राह्यले. अन् पाय पुरत नाही, नुसते चवडे टेकतात."

मी शॉकअप पाहिले. तेल गळत नव्हतं, चकती पाचव्याच खाचेत. नवीन स्प्रिंग वापरानं थोडी बसते हे मला माहीत आहे, पण बसते म्हणजे गाडी खाली येते. वर कधी जात नाही. चाचांना हाक मारली, टेप लावली. ताईंना बसवून मोजलं.

तेरा.

"कधीपासून असं?"

"मंगळवारपासून." मग स्वतःच सांगू लागल्या. "फाट्याच्या पुढं अचानक म्हशी आल्या आडव्या. ब्रेक मारला, गाडी कलली. अन् दादा, मी पाय टेकवला, सावरली बरोबर. पयल्या खेपेले असं झालं, का बाबा मांगं नाही हे ध्यानातच आलं नाही. घरी गेल्यावर आलं. लय वाईट वाटलं मंग."

स्प्रिंगचं काहीतरी सांगून मोकळं होता आलं असतं. गॅरेजवाल्याला शंभर कारणं येतात. पण ज्या मुलीनं बापाचं शेवटचं वजनसुद्धा स्वतः केलं, तिला मी खोटा आकडा कसा सांगू? मी सगळं सांगितलं. रविवारच्या आधीचे चाळीस, आजचे तेरा, मधला हिशेब. चाचा फक्त मान हलवत होते.

ताईंनी हेल्मेट मांडीवर घेतलं. त्या दवाखान्यातल्या, असलं काही मानणाऱ्या नव्हेत. मला वाटलं आता हसतील किंवा चिडतील.

"म्हणजे आता माह्या एकटीचंच वजन भरते?"

"हाव ताई. एकटीचंच."

डोळे भरले होते त्यांचे, पण आवाज सरळ होता.

"मंग कमी करा दादा खाचा. मले उद्या ड्युटी आहे."

मी पाना घेतला आणि पाचवरून दोनवर आणलं. माझ्या ओळखीच्या दोन इंजिनिअरांना मी हे विचारलंय. एक म्हणाला मोजण्यात चूक, दुसऱ्यानं विषय बदलला. मोजण्यात चूक नव्हती. बाकी मला काही माहीत नाही. पाना फिरवताना मात्र मला रडू आलं, आणि ते मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही.