टीचभर लाल वायर

गेल्या महिन्यापर्यंत ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. बायकोला नाही, देवाला नाही, दोन पेग झाल्यावर मित्रांनाही नाही – आणि दोन पेगनंतर मी काय काय बरळतो ते सगळ्या सरावलीला माहीत आहे. ही मात्र घशाशी आली की मी पाणी प्यायचो. सात वर्षं पाणी पीत आलो.

मग आता का सांगतोय? ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालंय. तरी दुखरा दात काढला की जीभ सारखी त्या रिकाम्या जागी जाते ना – तसं चाललंय माझं. दुखत नाही. पण जीभ जाते.

मी मिस्त्री. डहाणू रोडजवळ सरावलीला माझं दुकान आहे. वाड्यांवरचे पंप, जनरेटर आणि बोटींची मशीनं दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात एक शब्द आहे – डायरेक्ट. स्विच खराब झाला, नवीन मिळत नाही, गिऱ्हाईक डोक्यावर बसलंय – अशा वेळी स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडायच्या आणि वर काळी टेप गुंडाळायची. झालं डायरेक्ट. पंप चालतो, गिऱ्हाईक खूश. मला त्याची कधी लाज वाटली नाही. उलट मिरवायचो. बाळूकडे आलेलं मशीन बंद परत जात नाही, असं लोक म्हणायचे – म्हणजे आधी मी म्हणायचो, मग लोक म्हणायला लागले. पहिल्या चावीला मशीन धडधडलं की कुणीतरी हमखास ओरडायचं, "हात बघा बाळूचा!"

हात. हा शब्द लक्षात ठेवा, मला तो फार महागात पडला. मला नाही – चुकलो. दुसऱ्याच माणसाला.

जगदीश माझा शाळेपासूनचा दोस्त. त्याची फायबरची लहान बोट आहे. मागे मशीन, आणि स्टिअरिंगच्या बाजूला एक कंट्रोलचा डबा. त्यात चावी आणि गिअरचा दांडा. दांडा मध्ये असला की बोट जागच्या जागी, पुढे ढकलला की पुढे. त्या डब्याच्या आत चिंचोक्याएवढा एक स्विच असतो. त्याला एकच काम – दांडा मध्ये नसेल, तर चावी फिरवूनही मशीन चालू होऊ द्यायचं नाही. कुणी दांडा पुढे ठेवून विसरलं आणि दुसऱ्याने चावी फिरवली, तर बोट कुणाच्या अंगावर जाऊ नये म्हणून.

नारळी पौर्णिमेला जगदीशच्या घरची एक रीत होती. पावसाळ्यातल्या बंदीनंतर बोट समुद्रात पहिल्यांदा निघायची ती बहिणीच्या हाताने. आधी तिने भावाला राखी बांधायची, मग तिनेच चावी फिरवायची. ही बहीण म्हणजे हेमाताई. आमच्याहून चार वर्षांनी मोठी, तलासरीला दिलेली, तिथल्या बालवाडीत शिकवते. दरवर्षी सकाळच्या एसटीने यायची, पदर खोचून बोटीत चढायची आणि चावी फिरवायची. मशीनमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. कळायची गरजही नव्हती – आत तो चिंचोका होता ना.

सात वर्षांपूर्वी होळीनंतर हेमाताईचा नवरा गेला. साधी कावीळ म्हणता म्हणता गेला. श्रावण आला तशी जगदीशची आई म्हणायला लागली, "यंदा हिचा हात नको रे बाबा. शेजारणीकडून फिरवून घे." जगदीश सरळ माणूस, पण त्या दिवशी आईवर ओरडला. ताईने चावी फिरवली नाही तर बोट जागेवर कुजेल, म्हणाला. मला तेव्हा त्याचा किती अभिमान वाटला होता!

आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी त्याची बोट चालू होईना. डबा उघडला – खाऱ्या हवेने स्विच गंजून गेलेला. वापीला फोन केला. माल यायला आठ-दहा दिवस म्हणाले. जगदीश तोंड पाडून बसला होता. उद्या ताईने चावी फिरवली आणि मशीन हललंच नाही, तर आई काय म्हणेल? गाव काय म्हणेल?

मी त्याला घरी पाठवलं आणि डायरेक्ट केलं. टीचभर लाल वायर, वर काळी टेप. मशीन पहिल्या चावीला चालू.

सात वर्षं मी स्वतःला सांगत आलो की हे मी हेमाताईसाठी केलं. थोडंफार खरंही असेल. पण वायर जोडणं हा माझा गुन्हा नाहीच – ऐका – गुन्हा पुढेच आहे. जगदीशने विचारलं, "स्विच मिळाला?" आणि मी म्हणालो, "एका ओळखीच्याकडे निघाला, नवा टाकला. बाळूकडे आलेलं मशीन बंद परत जातं का?" एवढंच. फुशारकी. त्याऐवजी एक वाक्य बोललो असतो – दांडा मध्ये ठेव, आतला स्विच काढलाय – तर? चार सेकंद लागले असते. चार सेकंदांसाठी माझ्या जिभेला काय झालं होतं?

दुसऱ्या दिवशी भरतीला जगदीशने बोट खाडीतून धक्क्यापाशी आणली आणि चावी काढून मशीन बंद केलं. दांडा पुढेच राहिला. इथे सगळेच तसं करतात, कारण सगळ्यांना माहीत असतं की तशी बोट चालू होत नाही; नाही झाली की दांडा मध्ये घ्यायचा. राखी बांधून झाली. जगदीश नारळ घेऊन पुढच्या बाजूला कमरेएवढ्या पाण्यात उतरला, बोट आणि धक्क्याच्या मध्ये. हेमाताईने नमस्कार केला आणि चावी फिरवली.

बोटीने उडी घेतली. जगदीशचा उजवा गुडघा बोट आणि दगडाच्या मध्ये सापडला.

तो आवाज मी लिहिणार नाही.

जगदीश वाचला. पायात सळई बसली, चालताना तो आजही एका बाजूला झुकतो. पण त्या दिवशी धक्क्यावर, त्याला रिक्षात घालायच्या आधीच, त्याच्या आईने छाती पिटून सांगितलं, "मी बोललेली ना? बोललेली ना मी, हिचा हात नको म्हणून?" आणि सगळ्यांनी हेमाताईच्या हाताकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. मशीन बंद करताना ओढून काढलेली चावी अजून तिच्याच हातात होती.

मी तिच्यापासून दोन पावलांवर उभा होतो. काय केलं असेल मी? मी तिच्या हातातून चावी घेतली आणि म्हणालो, "ताई, तू बाजूला हो." तिला वाटलं, मीही तेच म्हणतोय.

स्विच आदल्याच दिवशी नवा टाकलेला, तरी बोट उडाली, म्हणजे दोष हाताचाच, असं गावाने ठरवलं. त्यानंतर हेमाताई नारळी पौर्णिमेला आली नाही; चावी जगदीशच फिरवायचा. राखी टपालाने यायची, ती जगदीशची मुलगी त्याच्या हाताला बांधायची. एकदा जगदीश तलासरीला तिच्या घरी राखी बांधून घ्यायला गेला, तर तिने ओवाळलं लांबून आणि राखी ताटात ठेवून दिली. माझा हात तुला नको, म्हणाली. हे त्याने मला दुकानात बसून सांगितलं. मी त्याला चहा पाजला.

दहा दिवसांनी नवा स्विच आला होता. तो बसवायचा तर जगदीशला काय सांगणार? नवा तर मी आधीच ‘टाकला’ होता. मी तो पिशवीसकट गल्ल्याखालच्या खणात ठेवला. दुखापतीनंतर जगदीश चावीला हात लावायच्या आधी दांडा तीनतीनदा बघायचा, आणि डबा माझ्याशिवाय कुणाला उघडू द्यायचा नाही – एवढा विश्वास! – म्हणून ती वायर सात वर्षं तिथेच राहिली. म्हणजे जिने एकदा पाय मोडला, ती वस्तू मी जाणूनबुजून दोस्ताच्या बोटीत राहू दिली. हे मी पहिल्यांदाच असं सरळ लिहितोय. 

यंदा पौर्णिमेच्या आठ दिवस आधी जगदीश आला. आईने ठरवलंय, म्हणाला, यंदा चावी माझ्या मुलीने फिरवायची. ताईचंही तेच म्हणणं आहे. जरा मशीन बघून ठेव. आणि तो नेहमीसारखा त्या झुकत्या चालीने बाहेर निघाला.

त्याची मुलगी चौदा वर्षांची आहे. तिच्या हाताखाली माझी वायर.

मी त्याला हाक मारली. धक्क्यावर नेलं, त्याच्यासमोर डबा उघडला आणि दाखवलं. टेप सुटून चिकट झाली होती, वायर तशीच लाल. सगळं सांगितलं – स्विच, खोटं, खण. त्याने बोटाने ती वायर हलवून पाहिली. मारेल असं वाटलं, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो एवढंच म्हणाला, "मला काय सांगतोस? ताईला जाऊन सांग."

दुसऱ्या दिवशी तलासरीला गेलो. हेमाताई ओट्यावर भिजवलेले वाल सोलत होती. मी नवा स्विच तळहातावर ठेवला आणि सांगत गेलो. तिने मध्येच थांबवून परत पहिल्यापासून सांगायला लावलं, बालवाडीतल्या पोराला लावतात तसं. मग विचारलं,

"म्हणजे चावी कुणीही फिरवली असती तरी?"

"कुणीही."

"आईने फिरवली असती तरी?"

"तरी तेच झालं असतं, ताई."

ती हसायला लागली. वाल मांडीवरून सांडले तरी हसत होती, आणि मग कधी रडायला लागली ते मला कळलं नाही. थोड्या वेळाने पदराने तोंड पुसून म्हणाली, "सात वर्षं मी माझ्या भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला नाही, बाळू. आता जा तू." मी गेलो. हायवेवर एसटीची वाट बघत उभा राहिलो. ट्रकमागून ट्रक जात होते आणि मला सात वर्षांत पहिल्यांदा सडकून भूक लागली होती. लाज वाटायला हवी होती. भूक लागली. गरम वडे खाल्ले, चार.

पौर्णिमेच्या सकाळी मी जगदीशसमोर स्विच बसवला. शेवटचंच काम, आता तो मशीन दुसऱ्या मिस्त्रीकडे नेणार आहे, आणि ते बरोबर आहे. त्याची आई धक्क्यावर खुर्ची टाकून बसली होती, माझ्याकडे बघत नव्हती. एसटी आली तशी हेमाताई आली. जगदीशच्या मुलीला जवळ घेतलं आणि सरळ बोटीत चढली.

"हेमा, आधी राखी तरी बांध," आई म्हणाली. सात वर्षांत आईने तिचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं.

"आधी चावी," हेमाताई म्हणाली. सगळ्यांना समोरून बाजूला व्हायला सांगितलं. दांडा पूर्ण पुढे ढकलला आणि चावी फिरवली.

काही नाही. मशीन गप्प. तिने परत फिरवली. गप्प. मग तिसऱ्यांदा, जोर लावून, दात आवळून. मग तिने चावी सोडली, दांडा मध्ये आणला, उजवा हात पदराला पुसला आणि पिशवीतून राखी काढली.

"जगदीश," ती म्हणाली, "हात दे."

मी तिथून निघालो. रस्त्याला लागलो तेव्हा मागे मशीन धडधडलं, पहिल्या चावीला. लोक ओरडले, टाळ्या वाजल्या. हात बघा बाळूचा, असं कुणी म्हणालं नाही.