भोंगामावशींनी गिळलेली बातमी

भोंगामावशींच्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या इमारतीत सगळे म्हणतात. हे थोडं चूक आहे. पोटापर्यंत काही पोचतच नाही. कानातून आत आलेलं थेट तोंडातून बाहेर. तळमजल्यावर त्यांचं ब्यूटी पार्लर. दोन खुर्च्या, एक मोठा आरसा, मध्ये पडदा आणि दारावर 'फक्त महिलांसाठी' ही पाटी. भुवया कोरायला गेलेली बाई परत येते ती चार घरांच्या बातम्या घेऊन. माझ्या बायकोच्या भुवया आता नावापुरत्याच उरल्यात, तरी तिचं जाणं थांबत नाही.

चौथ्या मजल्यावर सज्जन राहायचे. हे त्यांचं नाव नव्हे, कमिटीने दिलेली पदवी. लिफ्टचं दार धरून उभे राहायचे, म्हाताऱ्यांच्या पिशव्या उचलायचे, मेंटेनन्स कधी थकवायचे नाहीत. बायकोला मारायचे, पण दार लावून. याला आमच्याकडे संस्कार म्हणतात. वरून आवाज आला की तिसरा मजला टीव्ही मोठा करायचा आणि पाचवा मजला मिक्सर लावायचा, मग भांडं रिकामं का असेना.

एकदा सज्जनांची बायको डोक्याला मालिश करून घ्यायला आली. मावशींच्या बोटांना केस उपटलेली जागा लागली. तेवढ्यात खांद्यावरचा टॉवेल घसरला आणि दंडावरचे वळ दिसले.

"हे काय गं?"

"बाथरूममध्ये पडले."

"तुमच्या बाथरूमला बोटं फुटलीत की काय?"

ती हसली, आणि हसता हसता जी रडायला लागली ती थांबेना.

मावशींनी त्यांना जे येतं तेच केलं. संध्याकाळच्या आत बातमी अध्यक्षांच्या घरी पोचवली. पार्किंग असो की पाणी, भांडण दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून मिटवायचं, ही आमच्या कमिटीची रीत. तशी बैठक बसली. नवरा-बायकोला एकाच सोफ्यावर बसवलं, चहा दिला. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, अगदी मोकळेपणाने सांगा. हे तुम्हाला मारतात का?"

सज्जनांनी तिच्या कपातली साखर ढवळून दिली.

"नाही," ती म्हणाली. "बाथरूममध्ये पाय घसरतो माझा."

सगळ्यांना हायसं वाटलं. त्यांच्या बाथरूमला खरबरीत फरशी बसवून द्यावी, असा ठराव एकमताने झाला. फरशी बसल्यावर अध्यक्षांनी स्वतः जाऊन चप्पल घासून पाहिली आणि समाधान व्यक्त केलं. सिमेंट वाळायच्या आत ती पुन्हा पडली.

पार्लरमध्ये आली तेव्हा एक डोळा उघडत नव्हता. "मावशी, पाया पडते तुमच्या, आता कुणाला सांगू नका. त्या बैठकीची सगळी वसुली घरी माझ्याकडून झाली."

त्या दिवसापासून मावशी गप्प. बायकांना वाटलं, थायरॉइड असणार. तपासून घ्या म्हणून मागे लागल्या.

मावशींनी पडद्यामागून महिलांच्या हेल्पलाइनला फोन केला होता. पलीकडची समुपदेशक बाई म्हणाली, "नवऱ्यासमोर तिला काही विचारू नका. ती सांगेल त्यावर विश्वास ठेवा. काय करायचं ते तिला ठरवू द्या. आणि कुणाकडे बोलू नका."

"बाई, शेवटचं सोडून सगळं जमेल," मावशी म्हणाल्या.

पण जमवलं. समुपदेशक बाई गिऱ्हाईक म्हणून यायला लागली. बाहेर स्कूटरवर सज्जन मोबाइल बघत बसायचे आणि आत पडद्यामागे दोन खुर्च्यांवर बोलणं चालायचं: डॉक्टरकडे जखमांची नोंद कशी करायची, पोलिसात तक्रार कशी द्यायची, कोर्टाकडून संरक्षण कसं मिळतं, राहायला जागा कुठे मिळते. ती आधी नको म्हणाली. मग पुन्हा नको म्हणाली. मग बघते म्हणाली आणि घरी गेली.

मावशींचा जीव वरखाली. "अहो, हिला हाताला धरून न्या ना."

"हाताला धरून नेणारा एक आहेच तिच्या घरी," समुपदेशक बाई म्हणाली.

पुढे तिची सर्टिफिकेटं आणि चार कपडे वॅक्सच्या डब्यांमागे येऊन बसले. मग एका दुपारी सज्जन बाहेर बसलेले असताना ती मागच्या दाराने समुपदेशक बाईबरोबर निघाली. जाताना मावशींना मिठी मारून म्हणाली, "मी जाते ती जागा..."

मावशींनी दोन्ही कान दाबून धरले. "नको सांगू, बाई. मला माझाच भरवसा नाही."

फेशियलला इतका वेळ लागत नाही, हे कळायला सज्जनांना बराच वेळ लागला. मग पाटी ओलांडून आत आले. "मावशी, तुम्हाला तर सगळ्यांचं सगळं माहीत असतं."

"असतं की," मावशी म्हणाल्या, आणि तिसऱ्या मजल्याच्या जावयापासून अध्यक्षांच्या दाताच्या कवळीपर्यंत सगळं सांगितलं. "तुमच्या बायकोचं तेवढं ठाऊक नाही."

सज्जनांनी लाथेने खुर्ची उडवली, आरसा फोडला. आत दोन गिऱ्हाइकं, दार सताड उघडं. म्हणून त्यांचं दाराआडचं रूप इमारतीला पहिल्यांदा दिसलं.

तरी अध्यक्षांचं आपलं चालूच. "तिला बोलावून घ्या, समोरासमोर बसवू." तिच्याऐवजी तिची तक्रार घेऊन पोलीस बाई आली. तिसऱ्या मजल्याने टीव्ही चालू असल्याचं सांगितलं, पाचव्याने मिक्सर. जबाब दिला तो एकट्या मावशींनी, आणि चौथ्या मजल्याचंच बोला, असं पोलीस बाईला मधूनमधून सांगावं लागलं. सज्जनांना कोर्टाची पायरी चढावी लागली, आणि तिच्या जवळपास फिरकायचं नाही असा हुकूमही निघाला.

आता तिचा फोन येतो. नोकरी लागली म्हणते, झोप लागते म्हणते. मावशी तिला सगळं विचारतात, जेवलीस काय, घरमालकीण कशी आहे, शेजारणीचा नवरा काय करतो. गावाचं नाव मात्र विचारत नाहीत. माझी बायको सांगते, फोन ठेवल्यावर मावशी बराच वेळ तोंडावर हात धरून बसतात.