मिरच्यांचा ठसका

मी संशयी आहे. हे कबूल करायला साठी ओलांडावी लागली, पण आहे ते आहे. कोणी गोड बोललं की माझ्या मनात पाल चुकचुकते, हिला आपल्याकडून काय पाहिजे असेल? आणि कोणी बोललंच नाही, तर ते त्याहून वाईट. लग्न होऊन सासरी आले तेव्हा मी अशी नव्हते. किंवा असेन, पण त्याला खतपाणी नव्हतं. खतपाणी मिळालं ते घरात पाळणा हलला नाही तेव्हापासून.

आठ वर्षं झाली होती. आमचं गाव मेहकर तालुक्यातलं, आमची वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, हे सगळं डोणगावच्या बाजाराला जायचं. मळ्यात मी मुकादमासारखी वावरायची, पण गावात शिरले की माझी मान आपोआप खाली जायची. विहिरीवर मी गेले की बायकांचं बोलणं मध्येच तुटायचं. बारशाचं बोलावणं यायचं, पण पाळणा म्हणून झाल्यावर. ओटीभरणाला तर नाहीच. कोणी कधी तोंड फिरवलं, कोणी लेकरू पदराखाली घेतलं, हे सगळं माझ्या डोक्यात पाठ होतं. त्यातलं निम्मं खरं होतं आणि निम्मं मी रचलेलं. कुठलं निम्मं कुठलं, ते मलाही सांगता आलं नसतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. सरकारने गावोगाव ग्रामसेविका नेमल्या, तशी आमच्याकडेही एक आली. घाटाखालची होती, एकटी राहायची, पांढरी साडी, खांद्याला पिशवी. तिच्या ताब्यात पुठ्ठ्याची मोठी पिंपं आली. त्यात परदेशातून आलेली दुधाची भुकटी. रोज सकाळी शाळेच्या ओसरीवर ती गरम पाण्यात कालवून गावातल्या लहान पोरांना पाजायची होती. बाई एक दिवस सरळ आमच्या दारात आली.

"ताई, तुम्ही सातवी पास आहात असं कळलं. सकाळी तासभर याल का मदतीला? पगार काही मिळणार नाही."

पगार नाही म्हटल्यावर तर माझा संशय पक्काच झाला. फुकटात कोणी शेजाऱ्याची शेळीसुद्धा हाकत नाही. आणि मीच का? गावात सातवी झालेल्या आणखी दोघी होत्या. मला लगेच कळलं, त्या दोघींना लेकरं आहेत. मी रिकामी. रिकाम्या बाईला काम देऊन उपकार करायला निघाली ही.

मालकांना सांगितलं तर ते बैलाचं जू सोडता सोडता म्हणाले, "जाय ना. घरात बसून भिंतीइशी भांडून राह्यली, त्यापरीस बरं."

मी गेले. पण मदतीला गेले असं म्हणणं खोटं होईल. ही बाई भुकटी विकते का, कोणाच्या घरी पोचवते का, हे पकडायला गेले. आठ दिवस मी तिच्या पिशवीवर डोळा ठेवून होते. पिशवीत एक डबा, एक वही आणि एक कंगवा निघाला. चोरी काही सापडली नाही. सापडलं ते एवढंच, की बाईला दूध कालवता येत नव्हतं. ती उकळत्या पाण्यात भुकटी ओतायची आणि गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, ह्या एवढाल्या गाठी व्हायच्या. पोरं गाठ तोंडात आली की ओसरीखाली थुंकायची. गावातली कुत्री मात्र त्या दिवसांत चांगली बाळसं धरायला लागली होती.

नवव्या दिवशी माझ्याच्याने बघवेना. पिठलं करताना बेसन आधी गार पाण्यात कालवतात, हे आमच्याकडे सात वर्षांच्या पोरीला कळतं. मी घरून माझी रवी आणली, भुकटी गार पाण्यात घोटली, मग वरून आधण ओतलं. दूध गुळगुळीत झालं. बाईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "उद्यापासून हे तुम्हीच करा." कामचोर, असं मी मनात म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी रवी घेऊन वेळेआधी पोचले.

पोरं आपापलं भांडं घेऊन यायची. एकाचा पोचा आलेला गिलास, एकाचा बापाचा चहाचा कप, एकीची वाटी इतकी छोटी की तिला चारदा यावं लागायचं आणि तेच तिला पाहिजे असायचं. मला आधी भांडी पाठ झाली आणि मग तोंडं. पहाटे डोळा उघडला की मला सकाळ व्हायची घाई होऊ लागली. याचासुद्धा मला संशय आला. एवढं बरं वाटतंय म्हणजे पुढे काहीतरी वाढून ठेवलेलं असणार.

आमच्या समोरच्या घरातली आणि मी, दोघी एकाच वर्षी नवऱ्या होऊन त्या गल्लीत आलो होतो. तिला दोन मुलगे, एक मुलगी आणि पुन्हा दिवस गेलेले. धाकटी पोरगी साडेतीन वर्षांची, पाय गवारीच्या शेंगांसारखे. सारखी आजारी. ती पितळी पेला दोन्ही हातांनी धरून यायची. पेला तिच्या तोंडापेक्षा मोठा होता, त्यामुळे पिताना तिचे नुसते डोळे दिसायचे. दीड-दोन महिन्यांत तिच्या गालांवर मांस आलं. एक दिवस ती ओसरीवरून उडी मारून पळाली. मी कोणाला न दाखवता पदराने डोळे पुसले.

आणि त्याच सुमाराला समोरून जळक्या मिरच्यांचा वास यायला लागला.

दृष्ट काढण्याची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. मूठभर मीठ, मोहरी आणि सात लाल मिरच्या लेकरावरून उतरवायच्या आणि चुलीत टाकायच्या. मिरच्या जळून घरभर ठसका उठला तर दृष्ट नव्हती. मिरच्या जळूनही कोणी खोकलं नाही, तर मोठी दृष्ट लागली होती, ती मिरच्यांनी ओढून घेतली. पोरगी दूध पिऊन घरी गेली की समोरची तिच्यावरून मीठ-मिरच्या उतरवायची. एकदा नाही, रोज.

कोणाची दृष्ट, हे विचारायची गरज नव्हती. रोज सकाळी त्या पोरीकडे डोळे भरून बघणारी बाई गावात एकच होती. मी घरी येऊन दाराआड उभी राहायची आणि कान देऊन ऐकायची. समोर खोकल्याची उबळ उठली की माझा जीव भांड्यात पडायचा. मी निर्दोष सुटले. पण ज्या दिवशी काहीच ऐकू यायचं नाही, त्या दिवशी मला जेवण जायचं नाही. मी खरंच लावली का? मनातल्या मनात तिला आपली म्हटलं होतं, तेवढ्याने लागत असेल का?

पुढे पोरं कमी व्हायला लागली. चाळीसची तीस झाली, मग वीस. कारण मला कोणी मोठ्या माणसाने सांगितलं नाही. चार वेळा वाटी भरून नेणाऱ्या त्या पोरीने सांगितलं, अगदी सहज, मिशीसारखं दूध ओठावर घेऊन. "माही आजी म्हनते, या दुधात दवाई हाये. पोरी प्याल्या का त्याइले लेकरं होत नाही. म्हनून सरकारनं थ्या वांझोटीलेच वाटाले बसवलं."

रवी माझ्या हातात तशीच राहिली. सरकार आता लेकरं कमी करा म्हणू लागलं होतं, तेवढ्यावरून लोकांनी हा डोलारा उभा केला होता. आणि त्या डोलाऱ्याचा खांब मी होते. मी सगळ्या गावावर संशय घेत बसले होते, आणि सगळं गाव त्या दुधावर आणि माझ्यावर. मला राग आला, आणि रागापेक्षा लाज जास्त वाटली. त्या दिवशी घरी आले ती रवी ओसरीवरच विसरून, आणि पुन्हा गेले नाही.

चौथ्या दिवशी बाई आली. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती, ही आता मनधरणी करील म्हणून. तिने पिशवीतून रवी काढून माझ्या पुढ्यात ठेवली.

"तुमची राहिली होती. आज नऊ पोरं आली. सोमवारी तालुक्याचे साहेब यायचेत. ओसरी अशीच रिकामी दिसली तर पिंपं उचलून दुसऱ्या गावाला देतील."

"म्हणजे मी येऊ म्हणता?"

"नाही. तुम्ही आलात म्हणून पोरं येतील असं मला वाटत नाही. खोटं कशाला बोलू? रवी द्यायलाच आले होते."

तिच्या बोलण्यात कुठे चिमटा आहे का, ते मी शोधत होते. तेवढ्यात दारात पितळी पेला दिसला. समोरची पोरगी रस्ता ओलांडून आली होती. दोन्ही हातांनी पेला पुढे धरून म्हणाली, "मले दूध दे."

तिच्या मागोमाग तिची आजी आली. तिने पोरीचा दंड असा धरला की पेला खणकन पडला. "कितीखेप सांगतलं व तुले, थितं जाऊ नोको म्हनून!" आवाज ऐकून गल्लीतल्या बायका दारात आल्या. पोरीची आई उंबऱ्यावर उभी होती, पोटावर हात ठेवून, खाली मान घालून.

आता माझी जीभ कशी सुटली, ते मला सांगता येणार नाही. आठ वर्षं जो शब्द कोणी माझ्या तोंडावर बोलू नये म्हणून मी रस्ता बदलून जात होते, तो मीच भर गल्लीत बोलले.

"मावशी, मी वांझ हावो. आयका साऱ्याजनी. पन मी या दुधानं वांझ नाही झाली. हे पिंपं गावात येऊन चार महिने झाले. माह्या लग्नाले आठ वर्स झाले. आठ वर्सांत परदेशातलं दूध म्या कुठी पेलं? तुमच्याच म्हशीचं पेलो ना, तुमच्याच इथून आनून!"

मागून कोणीतरी फिसकन हसलं. म्हातारीच्या म्हशीचं दूध सगळी गल्ली प्यायची. म्हातारी पोरीला ओढत घेऊन गेली. मी पेला उचलला, धुतला आणि आत येऊन रडले. लाज सांडून झाली होती, आता झाकायला काही उरलं नव्हतं. रडून झाल्यावर मात्र मला भूक लागली.

सोमवारी मी ओसरीवर गेले. रवी बरोबर होती, पितळी पेला बरोबर होता. साहेबांची जीप यायची होती. समोर ती रोजची नऊ पोरं. मी गंज भरून ठेवला आणि रस्त्याकडे न बघण्याचं सोंग केलं.

पहिली आली ती समोरची. पोरीचा हात धरून, पोट सावरत. तिने माझ्या हातातून पेला घेतला, माझ्याकडूनच भरून घेतला, आणि पोरीला न देता सगळ्यांच्या देखत स्वतः घटाघटा प्यायली. पोट तिचं पाचव्या महिन्याचं. रिकामा पेला पुन्हा पुढे केला. "आता इले दे," म्हणाली.

शाळेच्या कुंपणापाशी ज्या बायका तमाशा बघायला उभ्या होत्या, त्या घरी गेल्या आणि पोरं घेऊन आल्या. सगळ्या नाही. पण जीप आली तेव्हा मी दुसरा गंज चढवला होता.

त्या दुपारी समोरची माझ्या घरात आली. आठ वर्षांत पहिल्यांदा. तिची मूठ झाकलेली होती. मी म्हटलं, विचारून टाकावं. "माह्या नजरेपायीच पोरीची दृष्ट काढत होती ना?"

"हाव," ती म्हणाली. "लबाड काऊन बोलू? पयले तुह्याच पायी काढत होतो. मंग पोरगी सुधरली, तं गल्लीतल्या साऱ्याइच्या नजरा तिच्यावर. मंग त्याइच्या पायी." मग चुलीकडे बोट करून म्हणाली, "बस इथं."

"काऊन?"

"बस म्हनतो ना."

मी चुलीपुढे बसले. तिने झाकलेली मूठ माझ्यावरून उतरवली, डोक्यापासून पायापर्यंत, सात वेळा. माझी लहानपणी आईने काढली असेल तेवढीच दृष्ट. मी म्हटलं, "बाई, मले कोनाची लागनार? माह्यापाशी हाये काय?"

"सकाळपासून इतले लेकरं तुह्या मांगं रायतात. आमच्या घरात तीन हायेत, थे आयकत नाही," ती म्हणाली आणि मूठ चुलीत टाकली.

मीठ तडतडलं. धूर झाला. आम्ही दोघी धुरातच वाट बघत बसलो. तिला ठसका लागला नाही. मलाही नाही.

माझ्या संशयी स्वभावाला औषध नाही. हिने मिरच्या टाकल्याच नसतील, मीठच टाकलं असेल, असं वाटून मी चिमट्याने निखारे उकरून पाहिले. सातही होत्या.